मेहुणीची हजार माणसं

माझ्या धाकट्या मेहुणीइतकं प्रामाणिकपणे खोटं रचणारं माणूस कळव्यापासून कल्याणपर्यंत दुसरं सापडणार नाही. ठाण्याच्या एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची, राहायची ठाकुर्लीला, आणि पीएचडीसाठी सहा वर्षं कॉम्प्युटरवर माणसं तयार करत होती. माणसं म्हणजे त्यांची उत्तरं. एखाद्या पाहणीच्या फॉर्ममधल्या वीस प्रश्नांच्या उत्तरांमागे मनातली मोजकीच कारणं असतात. ती किती, हे शोधायची एक गणिती पद्धत आहे. ही बाई आपल्या हजार माणसांच्या मनात तीन कारणं आधीच घालून ठेवायची आणि पद्धतीला ती सापडतात का, ते बघायची. मी महापालिकेत पाण्याच्या मीटरचे आकडे तपासतो. रचलेला आकडा दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण पहिला तक्ता मी तपासला, तर तिन्ही कारणं बरोबर सापडलेली. अभिनंदन केलं, तर ही रडवेली. "भाऊजी, इतकी आज्ञाधारक माणसं तुम्ही कुठे पाहिलीत? परीक्षक प्रबंध परत पाठवतील हो!"

तेव्हापासून तिला खऱ्या माणसांचा नादच लागला. कल्याणला पुतणीच्या लग्नात केटररने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. हिने जेवण सोडून भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठाच मागून घेतला. "या काकूंनी सगळ्याला 'उत्तम' केलंय, आणि अजून पंगतीला बसल्याही नाहीत!" बायकोने डोळे वटारले, "अगं, लग्नाला आलीयेस ना?" पण ती मला शेजारी उभं करून काकूंना गाठून विचारत होती, "का?" काकू म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतोय गं, कोण वाचत बसतंय?" गुडघा वहीत गेला. अशी पन्नास बारीकसारीक कारणं तिने आपल्या माणसांत मिसळली, आणि एका रविवारी फोनवर आनंदाने ओरडली, "भाऊजी, चुकली! सगळे वापरतात ती पद्धत चुकली! मुख्य कारणं तीनच्या जागी पाच सांगतेय!"

पीएचडीच्या व्हायवाला मी मागच्या बाकावर होतो. परीक्षकांनी विचारलं, "ही माणसं खरी नाहीत. मग विश्वास कसा ठेवायचा?" ती शांतपणे म्हणाली, "सर, खऱ्या माणसाच्या मनात काय आहे, ते मला कधीच नक्की कळणार नाही. यांच्या मनात मीच घातलंय. म्हणून तर पद्धत कुठे चुकते, ते दिसतं." परीक्षकांनी चष्मा काढला आणि मान डोलावली. मी आयुष्यात सभागृहात पहिली टाळी कधी वाजवली नव्हती. त्या दिवशी वाजवली.

प्रबंधाची प्रत तिने मला दिली. शेवटी त्या पन्नास कारणांची यादी आहे. सतरावं कारण असं: 'शेजारी भाऊजी उभे आहेत म्हणून उत्तर बदललं.'

आता ती नोकरीसाठी बंगळूरला असते. परवा सोसायटीने पाण्याबद्दल फॉर्म दिला. मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून भरला. एकही उत्तर चुकीचं नव्हतं. फक्त "का?" असं विचारायला शेजारी कोणी नव्हतं.