उपवासाचं खोटं

मंडळी, आज मी लाज वाटेल असं वागले. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका.

मुलगा इकडे परदेशात ट्रॉय शहरात राहतो, त्याने तिथून लांब, शेतातल्या एका गेस्टहाउसात आणलंय. मालकीणबाई फ्रान्सच्या ब्रिटनीतली, माझ्याच वयाची. तिकडच्या खेड्यातल्यासारखंच घर थाटलंय, ऊबदार आणि लख्ख. जवळच चांगली रेस्टॉरंटं आहेत, म्हणून सगळे दुपारी जेवायला निघाले. मला परक्या तव्यावरचं नको होतं. म्हटलं, "माझा उपवास आहे."

नात म्हणाली, "आजी, टुडे? रिअली?"

"हो. तुला काय कळतंय त्यातलं."

पोरीने बिचारीने बाईला सगळं समजावलं, धान्य नाही, कांदा नाही.

ते गेल्यावर मी खोलीत डबा उघडला. कांद्याचं थालीपीठ. दुसरा घास तोंडात, आणि अर्धवट उघड्या दारात बाई उभी. हातात ताट. उकडलेले बटाटे, सफरचंदाच्या फोडी, अक्रोड. तिने डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं. "सॉरी, सॉरी" म्हणत ताट ठेवून निघून गेली.

खोटं मी बोलले आणि माफी तिने मागितली.

देवाचं मला एवढं नाही, त्याला माझी सवय आहे. पण त्या बाईने माझ्यासाठी बटाटे सोलले होते. सगळे खाल्ले मी.

नात परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, "मी सांगते तिला." नको. माझं खोटं मीच निस्तरणार. "मी खोटं बोलले, माझं चुकलं" हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते मराठी अक्षरांत लिहून पाठवा. उद्या सकाळी निघायचंय.