सेनापतीचा अंगठा

नाशिकच्या पश्चिमेला डोंगराळ तालुक्यातल्या एका कोर्टासमोर ब्राँझचा एक पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकात डोंगरातली माणसं जमवून इंग्रजांशी लढलेल्या सेनापतीचा. त्याच्यावर खटला चालला ती कचेरी याच जागी होती, म्हणून पुतळा इथे. तारखेला आलेली पाड्यांवरची माणसं आधी त्याच्या पुढे टाकलेल्या डाव्या पायाला हात लावतात, मगच आत जातात. तो पाय मी ओतला आहे. आणि त्याचा अंगठा खोटा होता, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

पुतळा नाशिकजवळच्या आमच्या अंबडच्या ओतशाळेत झाला. वितळलेल्या धातूचा रंग बघून उस्ताद सांगायचे, "ओता." पायाच्या दिवशी ते तापाने घरी होते. मला सणाला गावी जायची घाई होती. धातू अजून तापायला हवा हे दिसत असूनही मीच म्हणालो, "ओता." साचा फोडला, तर धातू अंगठ्यापर्यंत पोचलाच नव्हता. पाय पुन्हा करायचा म्हणजे मेणाचा नमुना घडवण्यापासून सुरुवात. मी पुट्टीत ब्राँझची पूड कालवून अंगठा घडवला, नख कोरलं, रंग दिला आणि उस्तादांना सांगितलं, पाय झकास उतरला. ते म्हणाले, "शाब्बास."

त्या शाब्बासकीने आठ वर्षं मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. झोप लागत होती. मी फक्त त्या तालुक्याला जायचं टाळत होतो.

गेल्या वर्षी मामांच्या जमिनीच्या दाव्यात साक्ष द्यायला जावंच लागलं. मी कोर्टाच्या पायरीवर उभा होतो. साठीच्या एका बाईंनी सेनापतीच्या पायाला हात लावला आणि अंगठा त्यांच्या हातात आला.

"काय केलंस गं मावशे?" बंदोबस्ताचा पोलीस ओरडला. "सेनापतीला लंगडा केलास!"

"म्या नाय वो सायेब. निस्ता हात लावला."

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "तारखेच्या दिशी पाय मोडला. गेली म्हातारीची केस." मी चार पावलांवर होतो, माझं एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. अंगठा चौथऱ्यावर ठेवून, पदराने डोळे पुसत त्या आत गेल्या. मी गप्प राहिलो. पुट्टी भरली त्याहून हे वाईट होतं.

पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. पुढची तारीख मिळाली होती, पण चेहरा केस हरल्यासारखा. मी त्यांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे माज्या हातानं नाय मोडला?"

"नाही मावशी. तिथे अंगठा कधी नव्हताच."

"आन् आमी इतकी वर्सं कशाच्या पाया पडत व्हतो?"

"पुट्टीच्या."

"मेल्या!" असं म्हणून त्या हसल्या. मग एकदम थांबल्या. "ऊठ. मला सांगून काय? त्या पोलिसाला सांग. समद्यांच्या म्होरं."

मी पायरीशी उभं राहून सांगितलं. पोलीस म्हणाला, "मग मघाशी काय तोंडात पुट्टी होती?" माणसं हसली. हसू देणं भाग होतं.

परत येऊन उस्तादांनाही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "भट्टी पेटव." या वेळी ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि "ओता" तेच म्हणाले. कोर्टाचं आवार नाझरांच्या ताब्यात असतं. त्यांना मी सगळं खरं लिहून अर्ज दिला आणि परवानगी मिळाली. बाईंच्या पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी अंगठा जोडला. तारखेच्या सकाळी मी सांध्यावर कानस मारत बसलो होतो, तेव्हा त्या आल्या.

"सरक जरा."

त्यांनी अंगठा दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःचा पाय चौथऱ्याला टेकवून जोर लावून ओढला. पोलीस आ वासून बघत राहिला. अंगठा हलला नाही.

"आता ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मग पायाला हात लावून तो कपाळी नेला आणि पुकाऱ्याची वाट न बघता आत गेल्या.

मी कानस पिशवीत टाकली आणि पोलिसाबरोबर चहाला गेलो.