म्हशीच्या पोटातली वस्ती

त्या दुष्काळात मी गावातल्या दूध सोसायटीत फॅट तपासायच्या कामाला होते. सोसायटी माजलगावकडून ट्रकनं उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणून सभासदांना द्यायची, म्हणून आमची एकुलती म्हैस तग धरून होती. आईचा सगळा जीव तिच्यात. माझा चहा विसरेल, म्हशीचं पाणी नाही.

एका दुपारी आईनं गिरणीतून दळण आणलं, डबा पडवीत ठेवला आणि शेजारणीशी बोलत उभी राहिली. तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं. आम्ही धावलो तेव्हा तिचं काळं तोंड पांढरंफेक आणि डबा रिकामा. मला हसूच आवरेना.

संध्याकाळी मात्र हसू पळालं. म्हशीचं पोट डब्ब झालं, रवंथ थांबला, तिनं मान टाकली.

तलवाड्याहून जनावरांचे डॉक्टर आले. सलाईन लावलं, खायचा सोडा पाजला. दोन दिवसांत धोका टळला, पण म्हैस वाढ्यांकडं ढुंकून बघेना. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"आत सगळं गप हाय," ते म्हणाले. "मावशी, चारा काही म्हस एकटी पचवत न्हाई. तिच्या पोटात बारीक जीव ऱ्हातात, ते पचवतात. पिठानं पोट आंबलं अन् ते मेले. दुसऱ्या जनावराच्या पोटातलं पाणी हिला पाजावं लागंल."

"मग कोणाच्या बी गाईचं काढा की."

"समदी आधीच खंगलीत. उद्या तलवाड्याला बाजार हाय. खाटकाकडून ताज्या बोकडाचं आणा. गरम ऱ्हायला पाहिजे बरं का."

आईनं जन्मात मटण खाल्लं नव्हतं. बाजारात खाटकाचं दुकान चुकवायला ती वळसा घालून जायची.

"गवताचंच पाणी हाय ते, मावशी," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातला थर्मास उराशी धरून ती माझ्यासोबत निघाली. दुकानापुढं आल्यावर तिनं पदर नाकाला लावला आणि डोळे घट्ट मिटले. खाटीकचाचांनी मला सगळं विचारून घेतलं. बोकडाच्या वजडीतला हिरवा चोथा फडक्यात बांधून पिळला आणि थर्मास भरला.

"अक्का, डोळे कावून मिटले? उघडा की. म्हस बरी झाली तर मला सांगायला या. कोणी येत न्हाई सांगायला."

तिथून आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. आतले जीव जिवंत आहेत का बघायला त्यांनी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि आधी आईला बोलावलं. आई वाकली ती उठेचना.

"आगं बया! लई पळापळ हाय की गं आत! कुठं निघालेत एवढ्या घाईनं?"

मग मी बघितलं. केसाळ, लांबट, पारदर्शक जीव एकमेकांना ढकलत सैरावैरा पोहत होते. पुढं कितीतरी वेळ आम्ही दोघी आळीपाळीनं डोळा लावत राहिलो. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "पाणी गार व्हायच्या आत जा आता."

घरी मी म्हशीचं तोंड वर धरलं आणि आईनं बांबूच्या नळकांड्यानं तिला सगळं पाजलं. त्या दिवशी काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी सोसायटीत असताना आई धावत आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. "चावतीया! रवंथ करतीया!" दूध घालायला आलेली माणसं घागरी-किटल्या ठेवून आमच्या घराकडं निघाली. म्हैस निवांत जबडा हलवत होती, आणि पंधरा माणसं कौतुकानं तिच्या तोंडाकडं बघत उभी होती.

पुढच्या बाजारी आई वळसा न घालता सरळ दुकानापुढं गेली. "भाऊ, उठली बघा म्हस!" चाचा एवढे खूश झाले की गिऱ्हाईक सोडून त्यांनी आमच्यासाठी समोरून चहा मागवला. आईनं तो तिथंच बाकड्यावर बसून प्यायला.

तेव्हापासून कुठलाही नवा चारा आला की आई पहिल्या दिवशी मूठभरच टाकायची, जुन्या चाऱ्यात मिसळून. म्हैस हंबरून मागायची, तरी ती ऐकायची नाही.

"तुझ्यासाठी न्हाई गं," म्हणायची, "आतल्यांना सवय होऊ दे."