डस्टरवाली मास्तरीण

मास्तरीण हे नाव तिला काकांनी ठेवलं, ती शाळेत होती तेव्हा. शेजारपाजारच्या पोरांची गणितं अडली की ती हिच्याकडे यायची आणि ही जिन्यात बसून समजावून द्यायची. काका वरून ओरडायचे, "मास्तरीणबाई, छडी घ्या हातात! त्याशिवाय हे टोळकं वठणीवर यायचं नाही."

घरात तिच्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. आई शिवणाच्या मशीनवर लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायची. वडील गेल्यापासून काकाच घरातले थोरले; दुकानांना माल पोचवणारी व्हॅन चालवायचे. पुतणीने फिजिक्स घेतलंय म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे शिकून सवरून पंखेच दुरुस्त करणार ना?" पण पहिल्या दिवशी व्हॅन धुऊनपुसून तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडायला तेच गेले होते.

पहिलं वर्ष शाळेच्या पुण्याईवर निघालं. दुसऱ्या वर्षी मेकॅनिक्सच्या तासाला मात्र तिचं बोट सुटलं. गर्दीत लहान मुलाचं सुटतं ना, तसं. कधी सुटलं ते कळत नाही. कळतं तेव्हा आसपास सगळे अनोळखी. सर विचारत, "कळलं?" वर्ग म्हणे, "हो." तीही म्हणे, "हो." ज्या मुलीला लोक विचारायला येतात, तिने विचारायचं कोणाला, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दर शनिवारी दुपारी कॉलेजच्या टोकाच्या रिकाम्या वर्गात फिजिक्सची मुलं एकत्र अभ्यास करतात, असं तिच्या कानावर आलं. धीर गोळा करून ती गेली. हा मेळा शेवटच्या वर्षाची एक मुलगी चालवायची. सगळे तिला नुसतं ताई म्हणत. तिथला नियम एकच होता: ज्याचं अडलंय त्याच्या हातात खडू. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून हवं तेवढं बोलावं, पण फळ्याला हात लावायचा नाही.

नियम ऐकला आणि मास्तरीण मागच्या बाकावर सरकली. एवढ्या जणांसमोर फळ्यावर जायचं? त्याच वेळी तिचं लक्ष डस्टरकडे गेलं. फळा भरला होता. तिने उठून तो स्वच्छ पुसला.

"वा! देव तुझं भलं करो," कोणीतरी म्हणालं.

झालं. तेव्हापासून फळा पुसणं तिच्याकडे आलं. बाकं सरकवायची, खडू आणून ठेवायचे, डस्टर खिडकीबाहेर झटकायचं. सगळ्यांना ती आवडायची. शनिवारमागून शनिवार गेले, पण तिच्या हातात खडू काही आला नाही. तिला काही येत नाही, अशी शंकाही कोणाला आली नाही. येणार कशी? रिकाम्या हाताने बसलेलं माणूस डोळ्यांत भरतं, कामात असलेलं नाही.

सत्राच्या मधल्या परीक्षेत ती सपशेल आपटली. सरांनी खोलीत बोलावलं. सर वाईट नव्हते, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. "पुढची परीक्षा निघाली तर उत्तमच. नाही निघाली तर विषय बदलण्याचा विचार कर. त्यात कमीपणा नाही."

घरी तिने आईलाच तेवढं सांगितलं. आईने मशीन थांबवलं. "तिथे कोणाला विचारता येत नाही का गं?"

"येतं."

"मग?"

ती खाली पडलेल्या चिंध्या गोळा करू लागली. आईने सुईत दोरा ओवला आणि पुन्हा मशीन सुरू केलं. "माप चुकलं तर गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावं लागतं बाई. लाज वाटते, पण न विचारता कापलेलं कापड जोडता येत नाही."

परीक्षेच्या आधीचा शनिवार उजाडला. उतारावरून घरंगळत येणाऱ्या रुळाचं गणित होतं. एका मुलाचं ते अडलं होतं आणि त्याला बाकावरून मार्ग सांगत होता रॉकेट. वर्गात पहिला येणारा हा मुलगा इतक्या वेगाने बोलायचा की त्याचं हे नाव त्याच्या आईलाही पटलं असतं. उत्तर आलं. मुलगा खूश होऊन जागेवर बसला.

"पुसू का?" मास्तरणीने सवयीने विचारलं.

"पूस."

तिने डस्टर उचललं. एकदा हात फिरवला की हेही गेलं, परीक्षेत हेच येणार आणि आपण पुन्हा सरांच्या खोलीत. तिचा हात फळ्यापाशी गेला आणि तिथेच राहिला.

"काय गं, डस्टर जड झालं?" ताईने विचारलं.

"मला कळलं नाही," ती फळ्याकडेच बघत म्हणाली.

"काय नाही कळलं?"

"सगळंच."

मागे कोणीतरी हसलं. ताई नाही हसली. "सगळंच असं कधी नसतं. जिथे पहिल्यांदा अडलीस, तिथे बोट ठेव."

तिने खालून वर बोट न्यायला सुरुवात केली. ही ओळ नाही, त्याच्या वरचीही नाही. पार वर, दुसऱ्या ओळीतल्या एका उणे चिन्हापाशी बोट थांबलं. "हे घर्षण. इथे ते रुळाला मागे ओढतं, म्हणून उणे. आणि खालच्या ओळीत तेच घर्षण रुळाला फिरवतं म्हणता. अडवणाराच मदत कशी करेल?"

ताईने खडू पुढे केला. रॉकेट म्हणाला, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी!"

"म्हणजे गाढव कोण रे? तू?" ताई म्हणाली. वर्ग खो खो हसला, त्यात मास्तरीणही. हसता हसता खडू कधी हातात आला, तिला कळलंही नाही.

पण खडूने काम भागेना. तिने बाण काढले, खोडले, पुन्हा उलटे काढले. रॉकेटने दोनदा सांगितलं, तिला दोन्ही वेळा कळलं नाही. या वेळी तिने "हो" म्हटलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना रॉकेटच अडखळला. "म्हणजे... ते तसंच असतं. आपण तसं लिहितो."

"तसंच का असतं?" आता दुसरंच कोणी विचारू लागलं.

मास्तरणीने पिशवीत हात घातला. आईसाठी घेतलेलं दोऱ्याचं रीळ होतं. रिळाच्या भोकातून तिने पेन्सिल घातली आणि रीळ हवेत पुढे नेलं. ते फिरलं नाही, नुसतं पुढे गेलं. मग तसंच पुढे नेताना हळूच टेबलाला टेकवलं. टेकताच रीळ गरगर फिरलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा.

"टेबल त्याचा खालचा भाग मागे धरून ठेवतंय," ती सावकाश म्हणाली, "आणि म्हणूनच ते फिरतंय. मागे ओढणं आणि फिरवणं, दोन्ही एकच."

"बघू, इकडे दे," म्हणत रॉकेटने रीळ घेतलं. थोडा वेळ खेळून म्हणाला, "तू कधी काही विचारायची नाहीस. मला वाटायचं, तुला सगळं येतं."

"आणि तुम्हा सगळ्यांना येतं असं वाटायचं, म्हणून मी विचारायची नाही."

त्या दुपारी ती आणखी तीन ठिकाणी अडली. दोन सुटली, एक राहिलं.

ती परीक्षा निघाली, अगदी काठावर. काका म्हणाले, "काठावर का होईना, पाण्याबाहेर आहेस ना? मग झालं." सरांनी पेपर हातात दिला आणि म्हणाले, "मग? विषय बदलायचा विचार सोडला म्हणायचा."

"हो सर." ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "सर, चौथा प्रश्न मला अजून कळलेला नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरचा पुस्तकांचा ढीग उचलून खाली ठेवला. "बस. कुठपासून नाही कळला?"

शनिवारचा मेळा अजून भरतो. मास्तरीण तिथे असतेच. निम्मा वेळ तिच्याच हातात खडू असतो. फळा पुसायला मात्र आता कोणी उठत नाही. त्यावरून दर शनिवारी भांडण होतं.