आधी तळं

माळाच्या कडेला एक हॉटेल आहे. तिथे उतरलेल्या पाहुण्यांना आसपासची स्थळे दाखवून आणणारा एक चालक आहे; सारे त्याला ‘दादा’ म्हणतात. ही कथा त्याची. आणि त्याची म्हणावी, तर ती तिच्यावाचून उभीच राहत नाही. ती म्हणजे त्याची बायको, त्याच हॉटेलच्या धुलाईघरात चादरी आणि पंचे धुणारी.

दादाची सहल ठरलेली. सकाळी धबधबा, दुपारी टेकडीवरचा जुना बुरूज; आणि तळे? तळे शेवटी, मावळतीला! “उन्हात तळं दाखवणं म्हणजे रंग लावण्याआधी नटी दाखवणं,” असे तो म्हणे आणि पाहुणे हसत.

तिने यातले काहीच पाहिले नव्हते. पाहुण्यांच्या पंच्यांतून मात्र तळे रोज तिच्यापाशी येई: बारीक वाळू, शेवाळाचा वास, एखादे चिकटलेले पिवळे पान. पंचा झटकत ती म्हणे, “अहो, निम्मं तळं माझ्या मोरीत आलंय. उरलेलं कधी दाखवता?”

“दाखवतो गं. हंगाम सरू दे.”

हंगाम सरत गेले, नवे येत गेले. माणूस खरा, शब्द खरा, माया तर त्याहून खरी. दिवस तेवढा मिळेना. मग तिचे हृदय थकले. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन जे सांगितले, ते त्याने तिच्या कानावर घातले नाही. तो तडक व्यवस्थापकांकडे गेला.

“साहेब, उद्या गाडी मला द्या. पाहुणा एकच आहे.”

साहेबांनी किल्ली पुढे केली.

सकाळी दादाने गाडीचे दार उघडून धरले. “या बाईसाहेब!”

“बाईसाहेब म्हणे! चपला बघा बाईसाहेबांच्या,” असे म्हणत ती मागे न बसता पुढे, त्याच्या शेजारी बसली. “अहो, आधी तळं.”

“छे! तुला अर्धंमुर्धं दाखवू होय? तळं मावळतीलाच.”

“मला उन्हातलंही चालेल हो.”

“मला नाही चालणार. आज माझं ऐक.”

तिने ऐकले. धबधबा पाहिला, “छान आहे,” म्हणाली. बुरुजाच्या पायऱ्या तिला चढवेनात, पहिल्याच पायरीवर टेकून तिने विचारले, “आता तळंच ना?”

ऊन कलले. गाडी वळली. तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकवले. “आलं की उठवा.”

तळे आले. पाणी काठोकाठ सोन्याचे झाले होते. इतक्या वर्षांत इतके देखणे तळे दादाने पाहिले नव्हते.

“अगं, आलं बघ.”

“ऊठ ना गं. तळं आलं.”

हे दयाघना! मावळती एवढी भरभरून रंगवलीस. तिच्या श्वासाला तेवढी घटका का नाही दिलीस?

दादा आजही गाडी चालवतो. निघाली की गाडी आधी तळ्याकडे वळते. भर उन्हात पाणी पांढरेफटक, डोळ्यांत खुपणारे. पाहुणे कुरकुरतात, “अहो, इथे संध्याकाळी यायचं असतं ना?” व्यवस्थापक सांगून सांगून थकले. दादा एवढेच म्हणतो, “आधी तळं बघून घ्या.”

आणि परतल्यावर पाहुण्यांचे ओले पंचे तो स्वतः धुलाईघरात नेतो, तिच्या मोरीवर हलकेच झटकतो, आणि सारी वाळू पडेपर्यंत तिथेच उभा राहतो.