मायनं दाखवलेला बांध

मित्रांनो, आत्ताच प्रवासातून घरी आलोय. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

माझ्या मायला कॅन्सर आहे, आता औषध नाही. परवा मी मोबाइलवर एक जपानी मालिका बघत होतो. त्यात मरणाऱ्या माणसांच्या शेवटच्या इच्छा पुऱ्या करतात. मायला सांगितलं तर म्हणाली, "मग मला माझी लेक पुरली तिथं ने."

मला थोरली बहीण होती, हे तेव्हा कळलं. दुष्काळात मायबाप एका सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलते. बाळ फडातच जन्मलं, फडातच गेलं.

आज सिरसाळ्याहून जीप करून गेलो. कारखान्याभोवती नुसता ऊसच ऊस. एका बांधावर माय थांबली. "हितंच हाय." वाटेत घ्यायला लावलेलं झबलं तिनं मातीवर ठेवलं. मी पाया पडलो, लई रडलो.

परतताना मांजरसुंब्याला चहा पिताना ती हळूच म्हणाली, "ती जागा न्हवती रं. मला वळकूच आलं न्हाई. पण तू इतक्या लांब आणलंस, म्हनून म्हनले."

आत्ता ती झोपलीय. पुन्हा शोधायला जाऊ का, हे तिला विचारायचा धीर होत नाही. तुम्ही विचारलं असतं का?