मेमरी मागितली कोणी?

आमच्या शहाद्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. विसरू म्हटलं तर विसरता येत नाहीत, आणि हल्ली हसूही येत नाही.

तळोद्याच्या वर, डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी आम्ही एक डबा बनवतो. लसींचा फ्रिज तापला की डबा बोंबलतो. निदान बोंबलायला हवा! पण काही दिवस चालला की तो गोठायचा आणि पडद्यावर जुनाच आकडा दाखवत बसायचा. कारण कर्नल, म्हणजे डब्याच्या पोटातला मुख्य प्रोग्राम, मेमरी घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही.

*

माझा सहकारी हेमंत कळसाडीचा. त्याने स्क्रिप्ट लिहिली: कर्नलमध्ये कोणीही मेमरी मागितली, की कोणाच्या सांगण्यावरून मागितली ती अख्खी साखळी छापायची. स्क्रिप्टने इतकं छापलं, की उरलीसुरली मेमरी तिनेच खाल्ली. डबा जागीच गार!

"पेशंट मरी गया, तोबी डॉक्टरना हातनी!" हेमंत म्हणाला.

*

एकदा तो घरून काम करत होता. आईने विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?"

"मेमरी कोनी मांगी ते देखी ऱ्हायनू."

"मंग त्यालेच इचार ना!"

*

स्क्रिप्ट आटोपशीर करून कर्नललाच विचारलं, तर उत्तरात नुसते आकडे! त्या आकड्यांमागच्या फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यांची, नावं असलेली फाईल होती कर्नल बिल्ड करणाऱ्याकडे, आणि तो नोकरी सोडून गेलेला. फोन केला.

"ती होय? लॅपटॉप फॉरमॅट केला ना!"

सगळं पुन्हा बिल्ड केलं.

*

नावं आली, पण ऑफिसात मेमरी गळेचना! वैतागून हेमंतने केबल तेवढी बाहेर ठेवून डब्यावर स्टीलचं पिंप उपडं घातलं. नेटवर्क गेलं आणि साखळ्या धडाधड छापल्या जाऊ लागल्या. चोर सापडला: मोडेमचा ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्राम! नेटवर्क शोधताना दर वेळी नवी मेमरी घ्यायचा, जुनी सोडायचा नाही.

"डोंगरात तर नेटवर्क सारखं जातं," मी म्हणाले.

"जायला आधी यावं लागतं!"

*

म्हणून दुरुस्ती घेऊन आम्ही दोघं जीपने वर एका उपकेंद्रात गेलो. लसीकरणाचा दिवस होता. ओट्यावर बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर आकडा अगदी बरोबर. हेमंतने नवा कर्नल टाकला, डबा सुरू केला. लगेच बोंबलायला लागला!

"चालना! चालना!" हेमंत ओरडला, आणि मग त्याने पडद्यावरचा नवा, चढलेला आकडा वाचला.

उपकेंद्राच्या सिस्टरांनी फ्रिज उघडून आत हात घातला. मग त्या ओट्यावर गेल्या आणि पावरी बोलीत काहीतरी म्हणाल्या. कोणी उठेना. पुढे बसलेली एक बाई हळूच बोलली.

"काय म्हणते?" मी सिस्टरांना विचारलं.

"विचारते, मशीन तर आता चांगलं झालं ना? मग सुई का नाही?"